पाचवी डबी

१

अमेरिकेत शॉमबर्गला येऊन शोभाला दोन महिने झाले होते, आणि त्या दोन महिन्यांत तिनं विरजण एकदाही चुकवलं नव्हतं. रोज संध्याकाळी कोमट दूध, त्यात बोटाच्या पेराएवढं कालचं दही, आणि वर झाकण. कराडहून येताना तिनं पाच स्टीलच्या डब्या आणल्या होत्या. मुठीत मावतील एवढ्याच, पण झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेल्या: सौ. शोभा शं. माने. शंकरराव जाऊन सहा वर्षं झाली. नाव काही पुसायचं कारण नव्हतं, स्टीलवरचं पुसताही येत नव्हतं.

"इथं दुकानात दही मिळतं गं मावशी," रुपाली म्हणायची.

"ते दही नाही. ते पांढरं मलम आहे. तूच लाव तोंडाला."

रुपाली तिच्या मोठ्या बहिणीची मुलगी. आई लवकर गेली म्हणून दहावीपर्यंत शोभानंच तिला वाढवलेली, तिच्या वेण्या घातलेल्या, वेळ पडली तेव्हा पाठीत धपाटेही घातलेले. आता रुपाली इथं कंपनीत, नवरा केदार कंपनीत, पाच वर्षांची रुही बालवाडीत. "मावशी, सहा महिने ये," असं फोनवर रडून बोलावलं म्हणून शोभा आली. पण बजावून आली होती. "फाल्गुनात मला परत पाठवायचं. माझ्या अहिल्येला चैत्रात दिवस भरतात. दोनदा हातातोंडाशी येऊन गेलंय तिचं. ह्या वेळी तिच्या उशाशी मी असणार म्हणजे असणार. तसा शब्द दिलाय मी पोरीला."

"काढून ठेवलंय तुझं तिकीट," रुपाली म्हणाली होती.

रविवारची दुपार होती. बाहेर बर्फ. केदार स्वैपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून चार तास बसला होता, आणि शोभाला त्याच्या भोवतीनं झाडायला लागत होतं.

"काय बिघडलंय त्याचं?"

"बिघडलं नाही मावशी, सेट करतोय. हायबरनेट."

"म्हणजे?"

केदार पुण्याचा. विचारलं की समजावून सांगायची त्याला हौस. "दोन प्रकार असतात बघा. एक नुसती डुलकी. त्यात मशीन बॅटरी खात राहतं. दुसरं हे. बंद व्हायच्या आधी डोक्यात चाललंय ते सगळं डिस्कवर लिहून ठेवायचं आणि मग पॉवर पूर्ण कट. काही खात नाही, तापत नाही. सहा महिन्यांनी उठवा, अर्ध्यावर सोडलेलं वाक्य तिथूनच पुढं. त्याला कळतसुद्धा नाही मधे काही झालं."

"कळत नाही?"

"कसं कळणार? फक्त घड्याळ बघून कळतं. आणि एकच नियम, झोपलेलं असताना त्याच्या डिस्कला हात लावायचा नाही. त्याच्या लेखी जग आहे तिथंच असतं ना. उठल्यावर ते आपलं जुनं नव्यावर लिहायला जातं, आणि सगळा विचका."

"मग अडलंय कुठं?"

"झोपतं, पण उठत नाही. डोक्यात आहे जास्त, डिस्कवर राखलेली जागा कमी."

शोभा हसली. "एवढंच? अरे, मुंबईच्या विमानतळावर माझी बॅग दोन किलो जास्त भरली, तर तुझ्या सासऱ्यांनी तिथंच उघडून लोणच्याची बरणी काढली, माझं जुनं लुगडं काढलं, मग बंद झाली. गाठोडं बसत नसेल तर नको ते काढून टाक की आधी. आणि गाठोडं कुठं ठेवलंय ते चिठ्ठीवर लिहून ठेव, म्हणजे उठल्यावर शोधत बसायला नको."

केदारनं तिच्याकडं बघितलं. मग स्क्रीनकडं. मग भराभर काहीतरी लिहिलं, झाकण मिटलं. आतून कुरकुर आवाज आला, उंदरानं दाराची चौकट कुरतडावी तसा. दिवा विझला. केदारनं शंभरपर्यंत आकडे मोजले आणि उघडलं. सगळं जसंच्या तसं.

"यार मावशी!" तो ओरडला. "चौथी शिकलेल्या तुम्ही!"

"चौथी पास," शोभा म्हणाली. "बाईमाणसाला मात्र असं बंद करता येत नाही बरं का. नाहीतर तुम्ही पुरुषांनी कधीच केलं असतं."

रुपाली खळखळून हसली. केदार हसला नाही. तो शोभाकडं बघत राहिला, दुकानात वस्तू हातात घेऊन किंमत बघतात तसा.

२

पुढच्या आठवड्यात एका सकाळी शोभा पोळ्या करत होती. मागं टेबलावर केदार. कुरकुर आवाज तिनं ऐकला, नवीन काही नव्हतं त्यात, आता ते यंत्र दिवसातून दहादा कुरकुरायचं. पोळी लाटून झाली. उचलून तव्यावर टाकली.

चर्र झालं नाही.

तिनं तव्याला बोट लावलं. तवा गार. गॅस बंद. तो तिनं बंद केला नव्हता. परातीकडं बघितलं तर कणीक दगड झालेली, वर भेगा, मघाशी तर तिनं त्यातला गोळा तोडून घेतला होता. तव्यावरची पोळी मात्र मऊ होती. नाही, मऊ नव्हती. कडेनं वाळून वर वळली होती.

केदार टेबलाशी नव्हता.

"रुपाली!"

रुपाली जिन्यावरून आली. अंगात वेगळाच झगा. "काय गं?"

"गॅस कुणी बंद केला?"

"तुला उभ्या उभ्याच डुलकी लागली मावशी. मीच केला बंद. ती ब्लडप्रेशरची गोळी बदलून घेऊ आपण."

शोभानं आयुष्यात दिवसा डोळा मिटला नव्हता. पण परका देश, परकं हवापाणी, आणि गोळ्याही इथल्या डॉक्टरच्या. असेल. तिनं कणीक टाकून दिली, नवीन भिजवली. मग ताक करायला म्हणून डबी उघडली.

काल संध्याकाळी लावलेलं विरजण. त्यावर हिरवीकाळी बुरशी, बोटभर उंच, मखमलीसारखी.

एका रात्रीत बुरशी येत नाही. शोभानं पन्नास वर्षांत विरजणं किती लावली असतील ते देव जाणे, तिला ठाऊक होतं. बुरशीला आठ दिवस लागतात, असल्या थंडीत पंधरा. ती डबी हातात धरून उभी राहिली आणि मग तिनं घड्याळ बघायला भिंतीकडं मान वळवली. घड्याळाच्या जागी नुसता खिळा.

"सेल गेलेत त्याचे," रुपाली पाठमोरीच म्हणाली.

खिडकीबाहेर बर्फ होता. पण काल अंगणात रुहीनं केलेला बर्फाचा माणूस नव्हता.

३

त्यानंतर शोभानं डोळे उघडे ठेवले. उघडे ठेवून काय दिसणार होतं, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

तिची खोली तळघरात होती. शेजारी लोखंडी भट्टी, घर गरम करणारी. धप्प करून पेटायची, घुमत राहायची, मग थांबायची. आधी त्या आवाजानं तिची झोप मोडायची. आता तिच्या लक्षात आलं, आपण तो आवाज मधूनच ऐकतो. पेटल्याचा ऐकतो, थांबल्याचा ऐकत नाही.

केसांना वास यायला लागला. रोज धुतले तरी भांगात धूळ, आणि ट्रंकेत तळाशी घडी घालून ठेवलेल्या चादरीचा असतो तो वास.

स्वैपाकघरात गॅसपुढं जमिनीवर निळ्या चिकटपट्टीचे दोन तुकडे होते. फरशी उखडलीय म्हणून लावले असतील. एकदा भाजी ढवळता ढवळता तिचं खाली लक्ष गेलं. दोन्ही पट्ट्या तिच्या दोन्ही पावलांच्या पुढं बरोबर येत होत्या.

आणि रुही. रुही शाळेतून आली, दप्तर टाकलं, दारात थांबून शोभाकडं बघितलं आणि आत ओरडली, "मॉम! शी'ज ऑन!"

शोभाला इंग्रजी येत नव्हतं. पण ऑन येत होतं. गॅसवर लिहिलेलं असतं, मशीनवर लिहिलेलं असतं.

"काय म्हणालीस गं?"

रुही हसली. वरचे दोन्ही दात पडलेले, आणि त्या जागी नवे अर्धे आलेले. काल तिला मांडीवर घेऊन भरवलं तेव्हा दात होते. होते का? शोभानं आठवून बघितलं. मांडीवर घेतलेलं आठवत होतं. भरवताना काय गाणं म्हटलं ते आठवेना. स्वतःच्या आईनं तिला शिकवलेलं गाणं, अहिल्येला म्हटलेलं, रुपालीला म्हटलेलं. तोंड उघडलं तर आत नुसती मोकळी जागा.

मग तिनं भीतभीतच एकेक चाचपून बघायला सुरुवात केली. अहिल्येचा नवरा. गोरा, मिशीवाला, सोसायटीत कामाला. नाव? लग्नात तिनं स्वतः पाय धुतले होते त्याचे. नाव निघेना.

जेवताना केदार रुपालीला सांगत होता, "आधी रिकामं करून घ्यावं लागतं थोडं. मग गाठोडं लहान होतं, पटकन लिहिलं जातं. दर वेळी थोडंसंच."

"लॅपटॉपचं बोलताय?" शोभानं विचारलं.

"हो मावशी. लॅपटॉपचंच."

"माझं तिकीट?"

"काढलंय."

"दाखव."

"ऑफिसच्या कॉम्प्युटरवर आहे."

"आणि अहिल्येला फोन? म्हटलं होतंस आज लावून देते."

"कार्ड संपलं गं," रुपाली म्हणाली. तिनं ताटातून मान वर केली नाही. "फाल्गुन लांब आहे अजून. कशाला जिवाला लावून घेतेस?"

फ्रिजवर रुहीनं काढलेलं चित्र चिकटवलेलं होतं. घर, सूर्य, तीन माणसं हात धरून उभी. बाजूला स्वैपाकघर, आणि गॅसपुढं एक उंच पांढरं काहीतरी, वरून खालपर्यंत चादर घातलेलं. चादरीखालून दोन पावलं बाहेर आलेली. पावलांत जोडवी काढली होती पोरीनं.

शंकरराव गेल्यावर शोभानं सगळं काढलं होतं. जोडवी काढली नव्हती. निघालीच नव्हती.

४

वेड लागलं असेल, शोभानं ठरवलं, तर वेड लागलेलं बरं. पण ते आधी तपासायचं. माणसं खोटं बोलतात, घड्याळ काढून ठेवता येतं. विरजणाला खोटं बोलता येत नाही.

मांडणीवर तिच्या पाचातल्या दोनच डब्या राहिल्या होत्या. बाकीच्या रुपालीनं कुठं हरवल्या देव जाणे. सकाळी घरात कुणी नसताना तिनं एका डबीत दूध कोमट केलं, दही घातलं, झाकण लावलं आणि तळघरात गेली. भट्टीच्या मागं भिंतीशी वीतभर फट होती, अंधारी. रुपालीचा हात तिथं जाणार नाही, तिला पाली-कोळ्यांची लहानपणापासून भीती. शोभानं कोपरापर्यंत हात घालून डबी आत सरकवली.

टिण्ण वाजलं. पाइपला लागली असेल.

ती वर आली. मुद्दाम गॅसपुढं उभी राहिली, पोळपाट घेतला. रुपाली आणि केदार तेवढ्यात मोटारीतून उतरले. केदार टेबलाशी बसला. शोभा पाठमोरी पोळी लाटत राहिली आणि मनाशी घोकत राहिली: डबी, भट्टी, फट. डबी, भट्टी, फट. एवढं तरी कुणी काढून घेऊ नये.

कुरकुर.

पोळी लाटून झाली. ती तव्यावर न टाकताच शोभानं लाटणं खाली ठेवलं. टेबलाशी कुणी नव्हतं, लॅपटॉप उघडा होता. खिडकीतून ऊन येत होतं आणि झाडाला पानं होती. ती धावत तळघरात गेली. गुडघे कुरकुरले, गंजलेल्या बिजागरीसारखे. फटीत हात घातला, डबी ओढून काढली, झाकणाला नखं लावून उघडलं.

आत पिवळा पापुद्रा. आटलेल्या तळ्यासारख्या भेगा पडलेला. वास नाही, ओल नाही. बोट लावलं तर भुकटी झाली.

तिचं डोकं चालत होतं. किती दिवसांत एवढं वाळतं? दिवसांत नाही वाळत. आणि मघाशी टिण्ण का वाजलं?

तिनं परत हात घातला. खांद्यापर्यंत. बोटांना गार काहीतरी लागलं. ओढलं. दुसरी डबी. तिच्या मागं तिसरी. तिच्या मागं चौथी, कोळ्याच्या जाळ्यात गुंडाळलेली, आणि जाळ्यावरही धूळ. चारही झाकणांवर तिचं नाव.

तिनं एकच ठेवली होती.

भट्टी धप्प करून पेटली. शोभा त्या चार डब्या पदरात घेऊन बसून राहिली. म्हणजे हे मला आधीही कळलं होतं. तीनदा कळलं होतं. इथंच बसले असेन, हेच म्हटलं असेन.

मग तिला अहिल्या आठवली, आणि ती उठली.

५

फोनचं कार्ड फ्रिजवर चुंबकाखाली होतं. संपलं नव्हतं. शोभाला आकडे येत होते. कार्डचे आकडे दाबले, मग कराडचे, चौथीतल्या पाढ्यासारखे पाठ. रिंग गेली.

"हॅलो, कोण?" लहान मुलीचा आवाज. स्पष्ट, चुरचुरीत, फोन उचलायची सवय असलेला.

शोभाला आधी वाटलं नंबर चुकला. "अहिल्या आहे का गं बाळ?"

"तुम्ही कोण?"

"मी तिची आई बोलतेय. अमेरिकेतून."

"अमेरिकेतली आजी तर झोपलीय," पोरगी म्हणाली. "रुपालीमावशी सांगते फोनवर. उठत नाही ती. तुम्ही उठलात?"

शोभानं ओट्याची कड धरली. "तुझं वय काय गं?"

"पाच पूर्ण. सहावं लागलं."

"आईला दे. आईला फोन दे बाळा."

"आई भिंतीवर आहे," पोरगी म्हणाली, सहज, डबा फडताळात आहे म्हणावं तशी. "मी झाले ना, तेव्हापासनं. हार बदलतो आम्ही दिवाळीला." मग जरा थांबून, "बाबा म्हणतात, आई सारखी विचारत होती, माझी आई आली का, माझी आई आली का. तुम्ही का नाही आलात?"

फोन हातातून कुणीतरी काढून घेतला. सावकाश. केदार. त्याच्या मागं रुपाली, तोंडावर हात. दारात एक उंच मुलगी उभी होती, दोन वेण्या, छातीशी पुस्तक. रुहीचे डोळे होते तिला.

शोभा नवऱ्याच्या मढ्यापुढं रडली नव्हती, तिथं ती ह्यांच्यापुढं काय रडणार. ती रुपालीकडं बघत राहिली.

"माझ्या हातचं खाऊन वाढलीस तू."

"मावशी, ऐक ना. तुझे सहा महिने अजून संपलेले नाहीत," रुपाली भराभर बोलायला लागली, पाठ केल्यासारखी. "जागी असशील तेवढेच दिवस धरलेत आम्ही. गरज असेल तेव्हाच उठवलं. तुझं वय वाढलं नाही, गुडघे झिजले नाहीत. अहिल्येचं कळलं तेव्हा सांगणारच होतो. पण सांगून तू थांबली असतीस का? रुहीला कोण होतं आमच्या?"

"माझ्या अहिल्येला कोण होतं?"

रुपालीनं रुहीला जवळ ओढलं.

"हे मी विसरणार नाही," शोभा म्हणाली. "तुम्ही काय वाटेल ते करा. गाणं घ्या, जावयाचं नाव घ्या, माझं नाव घ्या. हे तेवढं मी दातात धरून ठेवीन."

केदार टेबलाशी बसला होता. त्याचं तोंड दमलेलं होतं, वाईट वाटत असल्यासारखंसुद्धा दिसत होतं. "मावशी," तो म्हणाला, "दर वेळी तुम्ही असंच म्हणता. पण हे फार मोठं आहे हो. एवढं बसत नाही. तुम्हीच सांगितलं होतं, आधी नको ते काढून टाकायचं."

शोभानं लाटणं उचललं. दोन पावलं टाकली. खरंच टाकली. लाटणं त्याच्या डोक्यावर उगारलेलं होतं, आणि रुही किंचाळली,

कुरकुर.

६

चर्र झालं. पोळी टम्म फुगली.

शोभानं ती फडक्यात टाकली आणि दुसरा गोळा घेतला. उजवा खांदा का कोण जाणे भरून आला होता, हात बराच वेळ वर धरून ठेवावा तसा. बाहेर पानं पिवळी पडली होती. तिला बरं वाटत होतं, हलकं, बॅग रिकामी करून उचलल्यासारखं.

"रुपाली," ती पाठमोरीच म्हणाली, "फाल्गुनाचं लक्षात आहे ना? चैत्रात दिवस भरतात पोरीचे. उशाशी मी असणार, शब्द दिलाय."

"आहे लक्षात मावशी."

"तिकीट?"

"काढलंय."

शोभानं संध्याकाळच्या विरजणाचं दूध कोमट केलं आणि मांडणीकडं हात नेला. जागा मोकळी. पाचांतली एकही डबी नव्हती.

"माझ्या डब्या कुठं घातल्यास गं? नाव घातलेल्या होत्या. चांगल्या पाच होत्या."

शोभा चिडून वळली. रुपाली टेबलाशी बसली होती, खाली मान घालून, आणि तिच्या कानशिलांपासून भांगापर्यंत केस पांढरे झालेले.

"बघ ध्यान," शोभा म्हणाली, "पिठात डोकं घातलं होतंस काय?" आणि लहानपणी पुसायची तसं तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, रुपालीची हनुवटी धरली आणि पुसायला लागली.

पीठ निघेना. तिनं आणखी जोरानं पुसलं.